अगेव्ह सिरप घ्यावं का? साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेल्याचं मत

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना इथूनच परतता येईल. चवीला साडेतीन तारे, वापरायला सोपं म्हणून चार, आणि बाटलीवर 'मधुमेहींसाठी उत्तम' असं जे छापलंय त्याला शून्य. सरासरी तुम्ही काढा.

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हेल्थ फूडच्या दुकानातून सूनबाईंनी ही बाटली आणली. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार कुणा एकाविरुद्ध नाही. अशा सगळ्याच बाटल्यांवर थोडाफार हाच मजकूर असतो. बाटली आणायचं कारण घरचंच. आमच्या हिला मधुमेह, आणि मला युरिक ॲसिडचा त्रास. पायाचा अंगठा कधी कधी असा ठणकतो की चादरीचं टोकसुद्धा लागू देत नाही. 'बाबा, आईंच्या चहाला हे घाला, साखर वाढत नाही म्हणे,' एवढंच बोलून ती कामावर गेली. बाटली ओट्यावर राहिली, माझ्यासमोर.

आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी नोकरी गेली. रस, मळी, साखर, हे सगळं नळीत घालून बघायचं. तिथं फ्रुक्टोज हा आमचा शत्रू. ऊस तोडून गाडीत पडून राहिला, शिळा झाला किंवा रसाला चुना कमी पडून तो आंबट राहिला, की साखर फुटायची. साखर म्हणजे सुक्रोज. एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. ती फुटली की दोघं सुटे होतात आणि मग दाणा धरत नाहीत, सरळ मळीत जातात. पोलॅरिमीटरमध्ये हे डोळ्यांनी दिसायचं. साखरेचं द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवतं. तेच फोडून पुन्हा लावलं की काटा शून्य ओलांडून डावीकडे, कारण सुटं फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त जोरानं उलट्या बाजूला ओढतं. काटा कमी दिसला की चीफ केमिस्टचा फोन वाजलाच. ज्याला जन्मभर मळीत ढकललं, तेच आता छान काचेच्या बाटलीत, साडेसहाशे रुपयांना अर्धा किलो. मला हसू आलं, हे कबूल करायला हरकत नाही.

तर बाटलीत काय आहे? अगेव्ह म्हणजे मेक्सिकोतलं काटेरी झाड. आपल्याकडे बांधावर जो घायपात दिसतो, ज्याच्या पानांचा दोरखंड व्हायचा, त्याची भावकी. टकिला दारूही ह्याच निळ्या अगेव्हपासून होते. झाडाच्या गाभ्यात फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या असतात. त्या उष्णतेनं किंवा एन्झाइम घालून तोडायच्या, गाळायच्या, आटवायच्या. थोडक्यात, आम्ही जे होऊ नये म्हणून चुना घालत होतो, ते इथं मुद्दाम केलं जातं. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं पुढं मोठ्या अक्षरात आहे. तेवढीच नैसर्गिक आपली साखरही आहे, ऊस काही प्रयोगशाळेत उगवत नाही.

मागचं लेबल मात्र खरं बोलतं. शंभर ग्रॅमला ७६ ग्रॅम साखर. मी माझा शेतावर न्यायचा ब्रिक्स मीटर काढला. द्रावणात शंभर ग्रॅमला किती ग्रॅम साखर, हे तो साधारण दाखवतो, तोच ब्रिक्स. तो बत्तीसपर्यंतच वाचतो, म्हणून २५ ग्रॅम सिरप आणि ७५ ग्रॅम पाणी असं मिश्रण केलं. भिंगातली निळी रेघ एकोणिसावर थांबली. चौपट केली की ७६. कंपनीनं वजनात फसवलेलं नाही. पण ही ७६ ग्रॅम कुठली साखर, हे कुठंच लिहिलेलं नाही. अगेव्ह सिरपमध्ये एकूण साखरेतला सत्तर ते नव्वद टक्के भाग फ्रुक्टोजचा असतो. मी पुढच्या हिशोबाला ऐंशी धरतो. तुलनेसाठी सांगतो: साखरेत अर्धं, मधात शंभर ग्रॅमला ३८ ग्रॅमच्या आसपास. गुळात आणि काकवीत बहुतेक सुक्रोज आणि बाकी फुटलेली साखर, म्हणजे तिथंही साधारण अर्धंच.

आता चव. रंग मधासारखा, वास जवळजवळ नाही, गोडी झटकन येते आणि झटकन जाते. काकवीला जो उसाच्या पाल्याचा, किंचित करपल्याचा खमंगपणा असतो, तो इथं शोधू नका. चहात घातलं तर मजा नाही. आमच्या हिनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, 'अहो, अजून थोडं घाला, अगोड लागतंय.' बाटलीवर लिहिलंय साखरेपेक्षा दीडपट गोड. दोन्ही खरं आहे. फ्रुक्टोज थंडीत जास्त गोड लागतं, गरम झालं की त्याच्या रेणूची ठेवण बदलते आणि गोडी उतरते. ५ अंशाला ते साखरेच्या सुमारे १.४ पट गोड, ४० अंशाला जवळपास बरोबरीत आणि ६० च्या पुढं साखरेपेक्षाही कमी. आपण चहा पितो तो याहून गरम. म्हणजे कोल्हापुरात जिथं गोडाचा सगळ्यात जास्त खप, त्या कपातच हे सिरप उणं पडतं, आणि माणूस दोन चमचे जास्त ओततो.

कोकम सरबतात मात्र फक्कड लागलं. बर्फ, मीठ, जिरेपूड आणि एक चमचा सिरप, बास. लगेच विरघळतं, ढवळत बसावं लागत नाही. थंड दुधात केळ्याच्या शिकरणीलाही छान. बाटली फ्रीजमध्ये ठेवली तरी तळाशी दाणा धरत नाही. मधाचं जसं थिजतं तसं होत नाही, कारण मधात थिजतं ते ग्लुकोज आणि इथं ते फारसं नाहीच.

शिरा बिघडला. फ्रुक्टोज दुधाबरोबर तापलं की लवकर तांबूस होतं, त्यामुळं आमचा शिरा नारळाच्या काथ्याच्या रंगाचा झाला आणि हिनं पाहुण्यांपुढं न्यायला साफ नकार दिला. शेंगदाण्याचे लाडू वळले पण मऊच राहिले. गुळाच्या पोळीचा विषय काढला तर हिचं उत्तर असं होतं की ते इथं लिहिता येत नाही. बरोबरच आहे. पोळीला घट्ट होणारं सारण लागतं, हे तव्यावर कडेनं वाहणार.

आता मूळ मुद्दा. 'लो जीआय', म्हणजे रक्तातली साखर हळू वाढवणारं. साखरेचा जीआय, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, साठ-पासष्टच्या घरात, फ्रुक्टोजचा विशीच्या आसपास. तपासून बघितलं. सकाळी उपाशीपोटी वीस ग्रॅम साखरेचं लिंबू सरबत घेतल्यावर हिच्या ग्लुकोमीटरवरचा आकडा तासाभरात पन्नासहून अधिक अंकांनी चढला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गोडाचं सिरपचं सरबत दिलं, आकडा दहा-बारा हलला असेल नसेल. 'मीटर बिघडलंय का बघा जरा,' ही म्हणाली. (हे प्रयोग तुम्ही करू नका. आमच्या डॉक्टरांना विचारून केलेत.)

मीटर बिघडलेलं नाही. मीटर जे मोजायला बनवलंय तेच मोजतं. त्या पट्टीवरचं एन्झाइम फक्त ग्लुकोज ओळखतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सीसुद्धा रक्तातल्या ग्लुकोजचाच हिशोब. फ्रुक्टोज ह्या दोन्ही तपासण्यांना दिसत नाही. न दिसणारी गोष्ट नाहीच असं धरून बाटली विकली जाते, आणि तिथंच माझं भांडण आहे.

मग ते जातं कुठं? ग्लुकोज शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी वापरते, आणि ते पेशीत घ्यायला इन्सुलिन मदतीला येतं. फ्रुक्टोज थोडं असेल तर लहान आतडंच त्यातलं बरंचसं ग्लुकोजमध्ये बदलून टाकतं, असं २०१८ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं. त्याहून जास्त आलं की उरलेलं सरळ लिव्हरकडे. तिथं फ्रुक्टोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला पकडतं, आणि ते मोठं घाईचं. ग्लुकोजच्या वाटेवर लिव्हरकडे एक नियंत्रण असतं. पेशीत ऊर्जा पुरेशी आहे असं दिसलं की तो रस्ता आवळला जातो. फ्रुक्टोज कोगनोळीचा टोल चुकवून आतल्या रस्त्यानं येणाऱ्या ट्रकसारखं ह्या नियंत्रणाच्या पलीकडे बाहेर पडतं. गरज असो नसो, माल उतरत राहतो. त्यातलं काही ग्लुकोज होतं, काही ग्लायकोजेन म्हणून साठतं, काही लॅक्टेट होऊन बाहेर जातं आणि जास्तीच्या मालाची चरबी होते. ती चरबी ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते किंवा लिव्हरमध्येच मुक्काम करते. लिव्हर चरबीनं भरलं की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, आणि मग उपाशीपोटीची साखरही वाढायला लागते. म्हणजे ज्या आकड्याला भिऊन सिरप आणलं, तोच आकडा मागच्या दारानं येऊ शकतो.

माझ्या अंगठ्याचं दुखणंही ह्याच घाईतून निघतं. फ्रुक्टोकायनेज प्रत्येक फ्रुक्टोजमागे एक एटीपी खर्च करतं, एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा. एकदम खूप फ्रुक्टोज आलं तर पेशीतला फॉस्फेटचा साठा खाली येतो, वापरलेल्या एटीपीचे तुकडे पुन्हा जोडले जाण्याऐवजी मोडत जातात आणि शेवटी युरिक ॲसिड होतात. इतर साखरांचं असं होत नाही. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या पुरुषांचा मोठा, बारा वर्षं चाललेला अभ्यास आला होता. रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांना गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळं सांधे ठणकण्याचा धोका, महिन्यातून एकदाही न पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्के जास्त निघाला. डाएट पेयांमध्ये तसा संबंध दिसला नाही. गाऊट म्हटलं की आपल्याकडे मटण आणि डाळीवर खापर फुटतं. तांबडा-पांढरा सोडलेले माझे दोन मित्र आहेत, पण त्यांचा रसवंतीवरचा मोठा ग्लास चालूच आहे. पिकलेल्या उसाच्या रसाचा ब्रिक्स अठरा-वीस असतो. बर्फ न घालता पाव लिटर रस म्हणजे चाळीसएक ग्रॅम साखर, त्यातली निम्मी फ्रुक्टोज. ऊस आपला म्हणून लिव्हर सवलत देत नाही.

हा सगळा फ्रुक्टोजविरोध ऐकून कुणाला वाटेल की मी त्याला विष म्हणतोय. तसं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट लस्टिग साखरेला विषच म्हणतात, आणि त्यांचा सूर मला जरा चढा वाटतो. पण त्यांच्या गटाचा एक प्रयोग बघण्यासारखा आहे. लठ्ठ मुलांच्या जेवणातली साखर नऊ दिवस काढून तिच्या जागी तेवढ्याच उष्मांकाचे पिष्टमय पदार्थ दिले. म्हणजे उपवास नाही, उपाशी ठेवणं नाही. लिव्हरमधली चरबी सुमारे ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आली. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्याची उणीव, तरी नऊ दिवसांत निम्मी चरबी उतरणं थोडं नाही. कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिस विद्यापीठानं २००९ मध्ये उलट बाजूनं बघितलं. वजन जास्त असलेल्या प्रौढांना दहा आठवडे, रोजच्या उष्मांकातला चौथा हिस्सा गोड पेयांतून, काहींना ग्लुकोजचा आणि काहींना फ्रुक्टोजचा. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. पण पोटाच्या आतल्या, अवयवांभोवतीच्या चरबीत भर पडली ती फ्रुक्टोजवाल्यांच्या, आणि इन्सुलिनला दाद देणंही त्यांचंच घटलं.

चौथा हिस्सा म्हणजे भरपूर झाला, कोण एवढं पितं, असं तुम्ही म्हणाल. रास्त शंका. टोरांटोच्या जॉन सीवनपायपर यांच्या गटानं असे पुष्कळ प्रयोग एकत्र मांडून बघितले. इतर पिष्टमय पदार्थ काढून तेवढ्याच उष्मांकाचं फ्रुक्टोज दिलं तर वजनावर फारसा परिणाम दिसत नाही. बिघाड दिसतो तो नेहमीच्या जेवणावर वरून ओतल्यावर. म्हणजे मात्रेचा प्रश्न आहे, आणि वरून ओतलं जाण्याचा. 'मधुमेहींसाठी उत्तम' लिहिलेली बाटली नेमकं हेच घडवते. ज्यानं साखर सोडलेली असते तो वरून ओतायला लागतो.

आता चमच्याचा हिशोब करू, कारण कंपनीचा मुद्दा असा की गोडी जास्त म्हणून सिरप कमी लागतं. साखरेचा एक चमचा पाच ग्रॅम, त्यात फ्रुक्टोज अडीच. सिरप जड असतं, पाच मिलीचा चमचा पावणेसात ग्रॅम भरतो. त्यात साखर पाचच्या वर आणि फ्रुक्टोज चार. प्रामाणिकपणे दोनतृतीयांश चमचाच घातला, सरबतात ते शक्य आहे, तर फ्रुक्टोज पावणेतीनच्या आसपास, ग्लुकोज एक ग्रॅमच्या आत. म्हणजे उत्तम शिस्त पाळूनसुद्धा लिव्हरवरचा फ्रुक्टोजचा बोजा साखरेइतकाच राहिला, किंचित वरच. कमी झालं ते फक्त ग्लुकोज, आणि मीटर तेवढंच बघतं. उष्मांकांत पाच-सहा वाचले, त्याचं श्रेय देऊन टाकतो. चहात पूर्ण चमचा घातला तर तेही नाही.

हे ज्ञान नवं नाही, म्हणून जास्त राग येतो. फ्रुक्टोज रक्तातलं ग्लुकोज वाढवत नाही म्हणून एकेकाळी मधुमेहींना ते दिलं जायचं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २००२ मध्येच लिहून ठेवलं की रक्तातल्या चरबीवर वाईट परिणाम होऊ शकतो, तेव्हा गोडीसाठी वरून फ्रुक्टोज घालू नये. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली आणि बाटली राजारामपुरीत पोचली.

दुकानातल्या मुलाशीही बोललो. चांगला मुलगा, काउंटर स्वच्छ, बोलणं अदबीचं. मी म्हटलं, 'मालक, ह्यात साखर आहे की.' तर म्हणतो, 'न्हाई काका, ह्यात फ्रुक्टोज हाय, फळातली साखर. फळं खाताय न्हवं तुम्ही?' ह्यावर जरा थांबून बोललं पाहिजे, कारण फळांचं नाव घेऊन किती बाटल्या खपतात!

मध्यम आकाराच्या सफरचंदात दहा ग्रॅमच्या आसपास फ्रुक्टोज असतं, केळ्यात सहाएक. पण ते चोथ्यात, पाण्यात, चावून खाण्याच्या वेळात अडकलेलं असतं. सफरचंद संपवायला दहा मिनिटं लागतात, आतड्यापर्यंत ते थोडं थोडं पोचतं आणि तिसऱ्या सफरचंदाला पोट नाही म्हणतं. सिरपला नाही म्हणणारं काही नसतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं की ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अशी अख्खी फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमी आढळला, आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांमध्ये जास्त. फळ तेच, फक्त मिक्सरमधून आणि गाळणीतून गेलेलं. तेव्हा आमच्या हिला एक पेरू, अर्धं सफरचंद, आंब्याच्या दिवसांत दोन फोडी, हे डॉक्टरांनी सुरू ठेवलंय. बेदाण्यावर मात्र हात आखडता. तासगावचा बेदाणा चवीला कितीही भारी असला, तरी शंभर ग्रॅममध्ये तीसएक ग्रॅम फ्रुक्टोज, पाणी उडून गेलेलं, आणि मूठ भरून खायला मिनिटही लागत नाही.

त्याच दुकानात बाकीचा मालही बघून आलो. खजूर आणि मनुका कुटून केलेले लाडू, पुढं पाटी 'नो शुगर'. खजूर म्हणजे शुगर नाही तर काय? पण निदान त्यात चोथा आहे, एक खाल्ला तर माझी हरकत नाही. नारळाची साखर म्हणून तपकिरी भुसा विकतात, तीही बहुतेक सुक्रोजच, दर चौपट. बिस्किटांवर 'फळांच्या रसाच्या अर्काची गोडी'. हा अर्क म्हणजे आटवलेला रस, दुसरं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या मार्गदर्शनात मध, सिरप, फळांचा रस आणि रसाचा अर्क हे सगळं साखरेच्याच खात्यात टाकलंय. रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला पन्नास ग्रॅम, जमलं तर पंचवीस. पंचवीस ग्रॅम म्हणजे पाच चमचे. आपले दोन कप चहा, कोल्हापुरी पद्धतीचे, झाले की संपला कोटा. त्या दुकानात खरोखर साखर नसलेली एकच वस्तू दिसली, स्टीव्हियाची डबी. चव कडवट मागं राहते, आमच्या घरी रुळली नाही.

कॉर्न सिरप, म्हणजे मक्याचं सिरप, फार घातक असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यावरही थोडंसं. ती भानगड मुख्यत्वे अमेरिकेची आहे, तिथल्या शीतपेयांतल्या सिरपमध्ये ५५ टक्के फ्रुक्टोज, आपल्या साखरेत ५०. फरक एवढाच. कॉर्न सिरपला घाबरून उसाचा रस पिणाऱ्यांनी हे दोन आकडे एकदा शेजारी लिहून बघावेत. आणि गुळाला पवित्र मानणाऱ्यांनी रागवू नये. शाहू मार्केट यार्डातला गूळ मीही आणतो, भौगोलिक मानांकन मिळालेला आपला गूळ आहे, चवीला त्याला तोड नाही. पण तो चवीसाठी खायचा. मधुमेहाला गूळ चालतो हे जितकं खोटं, तितकंच हे सिरप चालतं हे खोटं.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर हेच सिरप आठ-नऊ महिने वापरत होते. माळकरी माणूस, आयुष्यात दारूचा थेंब नाही. एचबीए१सी सुधारली म्हणून खूश होते. परवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि ट्रायग्लिसराइड वर. सिरपामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. मास्तरांचं फिरणं बंद होतं, संध्याकाळची भेळ चालू होती. पण मीटर ठीक दाखवतंय म्हणून वर्षभर दुसरी कुठलीच तपासणी केली नव्हती, हे मात्र सिरपच्या खात्यात जातं. असं काही नेमानं घेत असाल तर डॉक्टरांना बाटली नेऊन दाखवा, आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) आणि युरिक ॲसिड बघायचं का ते विचारा. पोट सारखं गुरगुरत असेल, गॅस होत असेल, तेही सांगा. बऱ्याच जणांच्या आतड्याला एकदम आलेलं सुटं फ्रुक्टोज नीट शोषता येत नाही, ग्लुकोज सोबत नसेल तर आणखीच नाही.

आमच्या घरचा निवाडा असा झाला. हिचा चहा आता बिनसाखरेचा आहे, आलं आणि गवती चहा जास्त घालून. पहिले काही दिवस तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ते सोडा, आता सवय झाली. सिरप सूनबाई आणि नातवंडांच्या सरबताला, मोजून. मी हात लावत नाही, अंगठा परवानगी देत नाही.

सरबतासाठी कुणाला हवंच असेल तर पाव किलोची छोटी बाटली घ्या, पावणेचारशेला आहे. मोठी स्वस्त पडते, पण स्वस्त पडली की जास्त ओतली जाते. बिल मागा, लगेच देतात. दुकान सोमवारी बंद. पार्किंग दारात मिळणार नाही, गाडी मागच्या गल्लीत लावा.